सातव्या भागातला नाग

माझी बायको व्हिडिओ गेम खेळते. घ्या, एकदा हसून घ्या. रहिमतपुरात हे ऐकून हसला नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. पाव्हण्यांना आधी वाटतं मी पोरांबद्दल बोलतोय, मग वाटतं थट्टा करतोय, आणि खरं कळलं की माझ्याकडंच कीव आल्यासारखं बघतात. कीव कशाला? माझं खत-बियाणांचं दुकान आहे, तिची घराच्या पुढच्या खोलीत शेवयाची गिरणी आहे. उन्हाळ्यात बायकांची रांग लागते तेव्हा डोक्याला फडकं बांधून ती सकाळपासून मशिनीवर उभी असते. पावसाळ्यात गिरणी बंद असते, तेव्हा ती गेम खेळते. बाकीच्या बायका मालिका बघतात, ही मालिकेत शिरून स्वतः चालते, एवढाच काय तो फरक. हे वाक्य तिचंच आहे. मला असलं काही सुचत नाही.

नाव संयोगिता. माहेर शिराळा. हे माहेर नीट लक्षात ठेवा, सगळं महाभारत तिथूनच सुरू झालं.

त्या गेमचं नाव इंग्रजीत काहीतरी लांबलचक आहे, आमच्या घरात त्याला ‘कंदील’ म्हणतात. अंधार पडलेला एक मुलूख आहे. तुम्ही हातात कंदील घेतलेला वाटसरू. गावोगाव जायचं आणि विझलेले दिवे लावायचे. वाटेत माणसं भेटतात, त्यांची गाऱ्हाणी ऐकायची. कुणाला मदत करायची, कुणाला नाही, कुणाशी खोटं बोलायचं हे तुमचं तुम्ही ठरवायचं, आणि तुम्ही वागाल तशी गोष्ट वळते. एक भाग संपवायला कधी कधी अख्खा पावसाळा जातो. असे सहा भाग तिनं संपवले. पहिला खेळली तेव्हा ती कॉलेजला होती. आता आमची पोरगी पुण्यात इंजिनिअर होऊन नोकरीला लागलीय, आणि तिचाच जुना लॅपटॉप घेऊन ही बसते.

तिला हा नाद तिच्या धाकट्या भावानं, जयराजनं लावला. शिराळ्यात तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे अप्रूप. ही टायपिंगच्या क्लासला जायची, तिथं एक होता. जयराजनं सांगलीहून कुठूनशी सीडी आणली, क्लासच्या मास्तरांना गोड बोलून पटवलं, आणि बहीण-भाऊ एकाच स्टुलावर अर्धं-अर्धं बसून तो पहिला भाग खेळले. त्यात मध्येच एक नाग आला. एका दारापुढं फणा काढून बसलेला. त्याला मारलं की दार उघडतं, सरळ हिशोब.

आता शिराळ्याची पोरं ती. तिथं नाग म्हणजे बायकांचा भाऊ. पंचमीला त्याची मिरवणूक काढतात ते गाव. तिथल्या माणसाच्या घरात नाग निघाला तर तो हात जोडतो, मग धरतो आणि रानात नेऊन सोडतो, मारायचं मनातसुद्धा येत नाही. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि कीबोर्डवरनं हात काढले. मग दोन दिवस शोधून त्यांनी काट्याकुट्यातली एक लांबची वाट काढली आणि नागाला न दुखवता पलीकडं गेले. गेम बनवणाऱ्यांनी पुढच्या प्रत्येक भागात एक नाग ठेवला आणि प्रत्येक भागात अशी एक वळशाची वाटही ठेवली. या दोघांचा नियम ठरला तो कायमचा. नाग मारायचा नाही.

जयराज पुढं फौजेत गेला, ही माझ्याकडं आली. तेव्हापासून त्यांचं फोनवरचं बोलणं ऐकून माझं डोकं फिरायचं. एकमेकांना ‘जेवलास का’ विचारणार नाहीत, ‘पुलापाशी पोचलास का’ विचारतील. तो सुट्टीवर कधी येणार, कुठं पोस्टिंग आहे, काही नाही. मी एकदा चिडून म्हणालो, “अगं, माणसाची चौकशी कर की जरा!”

“तेच करतीया मी,” ती म्हणाली.

मला ते नंतर कळलं. बॉर्डरवर काही झाल्याची बातमी टीव्हीवर आली की ही स्वयंपाक टाकून फोन लावायची. लागला तर एवढंच विचारायची, “चौथ्या गावचा दिवा लागला का रं?” पलीकडून तो म्हणायचा, “लागला, आक्का.” मग ही येऊन जेवायला बसायची. फोन लागला नाही तर त्या दिवशी घरात कुणी जेवत नव्हतं, मीसुद्धा.

गेल्या वर्षी जयराज पेन्शन घेऊन शिराळ्याला परत आला. हार झाले, गुलाल झाला, गावानं जीपमधून मिरवला. आता भाऊ जवळ आला, रोज बोलणं होईल म्हणून ही खूश. आणि झालं उलटंच. तो बोलायचाच बंद झाला. भांडण नाही, तंटा नाही, विचारलं तर ‘हां’, नाही विचारलं तर तेही नाही. त्याची बायको अंकिता फोनवर रडायची. “वन्सं, ह्यास्नी काय झालंय ओ? शेतावर जात्यात, येत्यात, भिताडाकडं बघत बसत्यात. डॉक्टरकडं चला म्हटलं तर मला काय झालंय म्हणत्यात.”

त्यातच ‘कंदील’चा सातवा भाग आला. कितीतरी वर्षांनी आला. संयोगिताला दोन-चार दिवसांनी कळलं, तिनं लगेच भावाला फोन लावला. मी समोरच भाकरी खात होतो.

“जयराज, आरं सातवा आला! घेतलास का न्हाई?”

“न्हाई.”

“मग घे की. दोघं संगं सुरू करू.”

“त्यात आता राम न्हाई ऱ्हायला, आक्का. तूबी सोड ते.” आणि ठेवला फोन.

तिनं मला विचारलं, “राम न्हाई म्हंजे काय? त्यानं घेतलाबी न्हाई, मग राम हाय का न्हाई ते त्याला कसं कळलं?”

“मला काय विचारतीस? मी खत विकतो.”

पण तिच्या डोक्यात ते घुसलं. आणि तिच्या डोक्यात काही घुसलं की निघेपर्यंत मला सुख नाही. तिला कळून घ्यायचं होतं, की हा गेमच आता जुना झालाय, का तिचा भाऊ कुठंतरी हरवलाय. गेम जुना झाला असेल तर तिची तक्रार नव्हती. दुसऱ्याची तिला भीती होती आणि ती तिनं मला बोलूनही दाखवली. “आमाला दुसरं काय बोलायला येतच न्हाई वो. हे गेलं तर आमी काय बोलायचं?”

नेटवर तिनं शोधलं तर तिथं आधीच जुंपली होती. निम्मे लोक म्हणत होते, जुना जीव राहिला नाही, नुसती चकचक. निम्मे म्हणत होते, तुम्हीच म्हातारे झालात. एकानं तर लिहिलं होतं की पहिल्या भागानंतर सगळं वाया गेलं. ते वाचून ही लॅपटॉपवरच खेकसली, “मग सहा भाग कशाला खेळत बसलास रं?”

पुढच्या आठवड्यात शेवयाच्या मशिनीची जाळी आणायच्या निमित्तानं तिनं मला साताऱ्याला नेलं. पोवई नाक्याकडं एका माडीवर पोरं तासाच्या हिशोबानं गेम खेळतात, तिथं थेट जिना चढून गेली. मी मागं. आत गारठा, अंधार आणि कानाला हेडफोन लावलेली दहा-बारा कॉलेजची पोरं. साडीतली बाई बघून दोघं-तिघं घाबरून उठलीच. त्यांना वाटलं कुणाची तरी आई आली.

“बसा रं बाळांनो. ‘कंदील’चा सातवा कुणी खेळलाय का?”

शिवतेज नावाचा एक उंच पोरगा म्हणाला, “खेळलोय की, काकू. पण ते जुन्या लोकांचं आहे ओ. माझा मोठा भाऊ येडा होता त्याच्यासाठी. लय चालायला लागतं, लय ऐकायला लागतं. एक म्हातारी बोलायला लागली की तेवढ्यात आमची एक मॅच होते.”

“मग तू का खेळलास?”

पोरगं म्हणालं, “फायटिंग भारी केलंय ह्या वेळी. आणि भाऊ सारखा विचारत होता, कुठं पोचलास म्हणून.”

हिचा चेहरा खुलला. “बरं, ह्यातबी एका दाराशी नाग असणार, त्याचं काय केलंस?”

“कुठला नाग?”

“आरं, दर भागात असतोय तो, दारापुढं बसलेला!”

“असेल, काकू. आठवत नाही. मारला असणार.”

गाडीत बसल्यावर म्हणाली, “त्याला आठवतबी न्हाई, आवं.” जाळी आणायची आम्ही दोघंही विसरलो ते घरी आल्यावर लक्षात आलं, आणि तिनं त्याचं खापर माझ्यावर फोडलं.

मग तिनं एकटीनंच सातवा भाग सुरू केला. पहिले दोन-तीन दिवस मी हळूच बघत होतो. ती मध्येच हसायची, मध्येच त्या म्हाताऱ्या पात्रांना ‘हां, हां, सांगा की’ म्हणायची. तिला तो आवडला होता. राम होता म्हणजे! आणि मग ती त्या दाराशी पोचली आणि अडकली. नाग बसलेला. डावीकडं खडक, उजवीकडं पाणी. ह्या वेळी वळशाची वाटच नाही. नेटवर विचारलं तर लोक म्हणाले, मार ना, सोपा आहे, तीन घावांत मरतो. जगात एवढी माणसं हा गेम खेळली आणि त्याबद्दल एकाचीही तक्रार नव्हती.

आठवडे गेले. ती रोज त्या दाराशी जायची, कंदील विझवून बघायची, पेटवून बघायची, झाडावर चढायची, पाण्यात उतरायची, बुडायची. मी एकदा म्हणालो, “अगं, चित्रातला नाग तो. मारून टाक आणि मोकळी हो.” तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी दुकान उघडायची वेळ नसताना दुकान उघडलं.

इतक्यात पंचमी आली. पंचमीच्या आदल्या दिवशी शिराळ्याच्या लेकी भावासाठी उपास धरतात, आणि तो धरायला ही दर वर्षी माहेरी जाते. मसूर, कराड, पेठ नाका करत आम्ही दुपारच्या आत पोचलो. गावात मांडव पडले होते, पोरी झोक्यावर होत्या, कुठंतरी हलगी चालू होती. अंकिता आत पुरण वाटत होती. जयराज सोप्यात कॉटवर बसला होता. मला बघून उठला, “या दाजी,” म्हणाला, आणि झालं. त्याचं त्या दिवसाचं बोलणं संपलं.

संयोगितानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला, पिशवीतून लॅपटॉप काढला आणि सरळ त्याच्या मांडीवर ठेवला.

“मला हे खेळायचं न्हाई, आक्का.”

“खेळ कोण म्हणतंय? नुसतं बघ. मी अडकलीया. हे बघ, दारात बसलाय. खडकाकडनं वाट न्हाई, पाण्याकडनं न्हाई. पण मला काय वाटतंय, हे पाणी येतंय कुठनं? दाराच्या मागं झरा असणार. झऱ्याला खालनं कपार असणार. त्या कपारीतनं...”

“झरा न्हाई,” जयराज म्हणाला. “विहीर हाय.”

मलासुद्धा कळलं, आणि मी खत विकतो. दार उघडल्याशिवाय मागची विहीर दिसत नाही. आणि दार कसं उघडतं ते आम्हाला ठाऊक होतं.

जयराजनं मान खाली घातली. बाहेर झोक्याच्या दोरीची करकर ऐकू येत होती.

“सातवा आला त्याच दिवशी घेतला होता,” तो म्हणाला. “तुला न सांगता. म्हटलं, पुढं जाऊ आन फोन करून तुला चिडवू. इथंच बसलो होतो, ह्याच कॉटवर. त्यानं फणा काढला आन माझा हात गेला. एका दमात मारला, आक्का. दार उघडलं, विहीर दिसली, आन मग आठवलं. शिराळ्यात बसून मला शिराळा आठवला न्हाई.”

मला वाटलं, आता ही रडणार किंवा ओरडणार. ती पुढं सरकली.

“विहिरीत काय हाय?”

“आँ?”

“आरं, विहिरीत काय हाय? मी आषाढापासनं त्या दाराशी बसलीया!”

“मला काय ठावं? मी तिथंच बंद केला. परत हात लावला न्हाई.”

“म्हंजे दार उघडं टाकून हा बाबा भिताडाकडं बघत बसलाय!” ती आता खरंच चिडली. “सकाळपासनं पोटात अन्न न्हाई माझ्या. तुझ्यासाठी. आन तू मला विहिरीत काय हाय ते दाखवायला तयार न्हाईस? काढ तुझं ते गेमचं मशीन.”

जयराज हसला. म्हणजे हसल्यासारखं काहीतरी केलं, पण वर्षभरात आम्ही ते बघितलं नव्हतं. कॉटखालची फौजेतली काळी ट्रंक त्यानं ओढली, आतून मशीन काढलं, टीव्हीला जोडलं. दार उघडंच होतं. मेलेला नाग उंबऱ्यात पडला होता. संयोगितानं टीव्हीपुढं जाऊन त्या चित्राला हात जोडले, जयराजनंही जोडले. मग तो विहिरीच्या पायऱ्या उतरायला लागला आणि ही शेजारी बसून सुरू झाली, “हळू, हळू. डावीकडं बघ. आरं डावीकडं म्हणतीया!”

मी जरा डोळा लावायच्या विचारात होतो. पण खाली काय आहे ते मलाही बघायचं होतं, खोटं कशाला बोलू? पायऱ्या संपल्या. तळाला एक म्हातारा कोरड्यात झोपलेला होता आणि त्याच्या उशाला अंधार. त्याला उठवायचं का नाही, असं गेम विचारत होता. जयराजनं कंट्रोलर खाली ठेवला.

“का रं?” ती म्हणाली.

“आक्का, माझा हात मारायला कुठं शिकला ते सांगू?”

तिनं टीव्हीकडं पाठ केली.

“जम्मूकडं आमच्या बंकरात साप निघायचे. सगळी मलाच हाक मारायची, शिराळ्याचा हाय म्हणून. मी काठीनं उचलायचो, गोणीत घालायचो, लांब नाल्यात सोडायचो. पोरं टाळ्या वाजवायची. शेवटच्या वर्षी आपल्या तासगावकडचं एक पोरगं आलं होतं, अर्जुना नावाचं. रातची ड्युटी करून दुपारचं झोपलं होतं. आन त्याच्या उशाला नाग. फणा काढलेला. पोरगं कूस बदलाय लागलं. काठी बाहेर होती, आक्का. हातात फावडं होतं.”

“खरा नाग,” संयोगिता म्हणाली.

“खरा. सगळ्यांनी पाठ थोपटली. मी तिथं कुणाला काय सांगणार? त्यांना काय कळणार? आन इथं तर सांगायची सोयच न्हाई. तू दर वर्षी उपास धरतीस.”

संयोगिता रडली. तोंडाला पदर लावून, आवाज न करता. मग तिनं डोळे पुसले आणि तिला जे विचारायचं होतं ते विचारलं.

“ते पोरगं कसं हाय?”

“हाय की बरं. लगीन झालं त्याचं. दर रविवारी फोन करतंय.”

“काय म्हणतंय?”

“मी उचलत न्हाई.”

“गधड्या!” ती एवढ्या जोरात म्हणाली की मी दचकलो. “जीव वाचवलास त्याचा, आन त्यालाच तोंड दाखवंना झालास? त्यानं काय समजायचं? उद्या पंचमीला आपण त्या बंकरातल्या नागाच्या नावानं लाह्या वाहू, तू आन मी. त्याची माफी त्याच्यापाशी मागू. पण त्या लेकराचा काय गुन्हा? लाव फोन. आत्ता लाव.”

“आक्का, आता नको.”

“मी उपाशी हाय, जयराज.”

त्यानं फोन घेतला. नंबर शोधून लावला. फोन लागला आणि पलीकडून ते पोरगं एवढ्या मोठ्यानं “साहेब! साहेब!” म्हणून ओरडलं की अंकिता पुरणाचे हात तसेच घेऊन बाहेर आली आणि दारात उभी राहिली.

जयराजनं फोन कानापासून जरा लांब धरला.

“आरं हाय, हाय,” तो म्हणाला. “ओरडतोस कशाला? बोलतोय मी.”